सोपं फ्रेंच रडवतं, त्याचं काय करायचं?

बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंचं हे प्रकरण. राहतात पुण्यात, मुलगी-जावई फ्रान्समध्ये ल्योंला, नात तिथल्याच शाळेत. नातीशी तिच्या भाषेत बोलता यावं म्हणून फ्रेंच शिकायला घेतलं, पुढे भाषेचीच गोडी लागली आणि डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी वन, म्हणजे मधली पातळी चांगल्या गुणांनी पार पडली. आयुष्यभर मराठी-इंग्रजी कादंबऱ्या वाचलेली बाई. परीक्षा झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता पाठ्यपुस्तक बंद, खरं फ्रेंच साहित्य वाचायचं. माझ्याकडे शिकवणीला आल्या तेव्हा या ठरावाला बरेच महिने उलटले होते आणि एकही पुस्तक तडीस गेलं नव्हतं.

"भाषा कळते हो मला," त्या म्हणाल्या. "पण रात्री झोपताना हे कशाला वाचू? ज्यात त्यात कुणीतरी मरतंय."

आधीच्या क्लासमधली यादी आणि इंटरनेटवरच्या याद्या बघून त्यांनी पुस्तकं जमवली होती. ती कापडी पिशवीतून काढून टेबलावर मांडली. आल्बेर काम्यूची १९४२ सालची 'लेत्रांजे': पहिल्याच वाक्यात आई गेलेली. मोपासाँची १८८४ मधली हिऱ्यांच्या हाराची कथा: उसना आणलेला हार हरवतो, तो भरून देण्यात नवराबायकोची दहा वर्षं मातीत जातात आणि शेवटी कळतं की हार खोटाच होता. आल्फाँस दोदेच्या पवनचक्कीच्या पत्रांमधली सगँ साहेबांची बकरी: रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे त्याच्या तोंडी जाते. सँत-एक्झ्युपेरीचा छोटा राजकुमार, ज्याला सगळे मुलांचं पुस्तक म्हणून भेट देतात; त्याच्या शेवटी साप काय करतो हे वाचलेल्यांना माहीत आहे.

काकूंच्या प्रती मी चाळून पाहिल्या. अडलेल्या शब्दावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहायची त्यांची सवय, अगदी खातेवहीत नोंद घालावी तशी. काम्यूच्या पुस्तकात या नोंदी तुरळक होत्या. पानामागून पान जवळजवळ कोरं, आणि मग एका ठिकाणी बुकमार्क तसाच अडकलेला. म्हणजे शब्द अडत नव्हते. तिथे पुस्तक मिटलं ते मनाने. उलट आना गाव्हाल्दाच्या २००४ मधल्या 'आँसाँब्ल, से तू' या कादंबरीची सुरुवातीची पानं नोंदींनी काळी झाली होती. ती कादंबरी उबदार आहे, चार एकाकी माणसं एका घरात येऊन एकमेकांना सावरतात, काकूंना हवी होती नेमकी तशी. पण सहाशेच्या आसपास पानं, आणि संवाद पॅरिसच्या बोलीतले, अर्धे तोडलेले, शिव्यांसकट.

या दोन प्रतींत माझ्या मते सगळं निदान आहे. शिकणाऱ्याला 'सोपं' म्हणून जे दिलं जातं ते वाक्याची लांबी आणि काळ बघून दिलं जातं. काम्यूने मुद्दाम कोरडी, तुटक वाक्यं लिहिली. त्याचा निवेदक भावना समजावून सांगतच नाही. शिवाय पुस्तकभर पासे कोंपोझे, म्हणजे रोजच्या बोलण्यातला, क्लासमध्ये पहिल्याच वर्षी शिकवला जाणारा भूतकाळ. परक्या माणसाला हे आयतंच सोयीचं पडतं. विनोदाचं तसं नाही. तो उभा राहतो बोलीवर, शब्दांच्या कोट्यांवर, शाळेत पाठ केलेल्या कवितेच्या विडंबनावर, सरकारी भाषेची नक्कल करण्यावर, म्हणजे बी वनच्या माणसाचा पाय जिथे जिथे घसरतो तिथेच. अ‍ॅस्टेरिक्स या चित्रकथांची चित्रं बघून मूलसुद्धा हसतं, पण निम्मी गंमत नावांतल्या कोट्यांत आणि लॅटिन वचनांत दडलेली. काकूंनी एक अल्बम आणून पाहिला होता. "चित्रं छान आहेत," एवढंच म्हणाल्या.

राहिली ती जुनी, प्रसन्न, कोट्या नसलेली पुस्तकं. तीही आहेत, भरपूर आहेत. पण त्यांच्या दारात पासे सँप्ल हा लिखाणातला भूतकाळ पहारा देतो. बोलण्यात तो कुणी वापरत नाही, म्हणून क्लासमध्ये त्याच्याकडे वळायला बी वन, बी टू उजाडतं, तेही ओळख करून देण्यापुरतं. थोडक्यात, शिकणाऱ्याच्या आवाक्यात नेमकं दुःख तेवढं येतं.

काकूंनी यातून स्वतःच वाट काढायचा प्रयत्न केला होता. फ्रान्समधल्या पुस्तकांच्या दुकानांत हल्ली 'फील-गुड' नावाचा खानाच असतो. त्या खान्यातलं आन्येस मार्तँ-ल्युगाँचं पुस्तक त्यांनी मुलीकडून मागवलं. शीर्षकाचा अर्थ, आनंदी माणसं वाचतात आणि कॉफी पितात. यापेक्षा निर्धोक काय असणार? सुरुवातीलाच नायिकेचा नवरा आणि लहान मुलगी मोटार अपघातात जातात. म्युरिएल बार्बरीची शीर्षकात हेजहॉग असलेली गाजलेली कादंबरी (२००६) ओळखीच्या कुणीतरी 'मन प्रसन्न होतं' म्हणून सुचवली होती. तत्त्वज्ञान वाचणारी इमारतीतली दरवान बाई, तिचं मांजर, वर राहणारी हुशार मुलगी, सगळं खरंच लोभस. काकूंनी शेवटची पानं आधी बघितली आणि पुस्तक परत केलं. फ्रेंच प्रकाशकांच्या मते आनंद हा दुःखावरचा उतारा असतो, त्यामुळे आधी दुःख पाजणं आलंच. माझी या प्रकाराबद्दल तक्रार नाही, पण झोपण्यापूर्वी अर्धा तास वाचणाऱ्या माणसाला आधी काय प्यावं लागणार हे कळायला हवं.

आम्ही सुरुवात केली 'ल पती निकोला'पासून. रने गोसिनीचं लेखन, साँपेची चित्रं. १९५९ पासून 'स्युद-वेस्त दिमाँश' या बोर्दोच्या रविवारच्या वृत्तपत्रात या गोष्टी येत गेल्या आणि १९६० मध्ये पहिलं पुस्तक निघालं. वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या, म्हणून एकेक गोष्ट मोजक्या पानांची आणि आपल्यापुरती पूर्ण. दिवसाला एक संपते, आणि संपवल्याचं समाधान शिकणाऱ्याला फार लागतं. सांगणारा शाळकरी मुलगा असल्यामुळे काळ पासे कोंपोझे. आणि विनोद कोट्यांवर फारसा अवलंबून नाही: निकोलाला जे कळत नाही ते वाचणाऱ्याला कळतं, एवढीच युक्ती. चि. वि. जोशी वाचलेल्या माणसाला ती नवी नाही.

पहिल्या गोष्टीत वर्गाचा फोटो काढायचा असतो. झॉफ्र्वा नावाचा श्रीमंत बापाचा मुलगा मंगळावरच्या माणसाचा पोशाख करून येतो, आल्सेस्तचं खाणं चालूच, भांडणं, रडारड, बाईंचा संताप. शेवटी सगळे शहाण्यासारखे उभे राहतात तर फोटोवाला निघून गेलेला. काकू ती मोठ्याने वाचत होत्या आणि शेवटच्या ओळीला थांबून हसल्या. फ्रेंच वाचताना अर्थ लावून झाल्यावर हसणं वेगळं आणि वाचता वाचता हसू येणं वेगळं. हे दुसरं होतं.

निकोलातही अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. वाक्यं 'आणि मग, आणि मग' करत अर्धं पान चालतात. तो म्हणाला की त्याने सांगितलं की, असली साखळी असते आणि कोण कुणाला काय म्हणालं हे हरवतं. काकूंना मी प्रत्येक बोलणाऱ्याच्या नावाभोवती गोल करायला सांगितलं. गोल केले की वाक्य आपोआप सुटं होतं. शाळकरी बोलीतले पाच-सहा शब्द सारखे येतात, ते एकदा कळले की पुस्तकभर पुरतात. शाळेतल्या देखरेख करणाऱ्या माणसाचं टोपणनाव 'ल बुइयों', म्हणजे रस्सा. का? तो सारखा 'माझ्या डोळ्यांत बघा' म्हणतो, आणि रश्शावर तरंगणाऱ्या तर्रीच्या थेंबांना फ्रेंच लोक डोळे म्हणतात. हे कोडं गोष्टीतच उलगडलंय. निकोला म्हणतो, मलाही आधी कळलं नव्हतं, मोठ्या मुलांनी समजावलं. परक्या वाचकाला इतकी सवलत दुसरा विनोदी लेखक क्वचितच देतो. काकूंचा जीव जडला तो मात्र अन्याँवर, वर्गातला पहिला, बाईंचा लाडका, चष्मा असल्यामुळे ज्याला हवं तेव्हा मारता येत नाही असा. "तो रडका मीच होते," म्हणाल्या.

त्यानंतर फिलिप दलेर्म. १९९७ चं पुस्तक, शीर्षकात बिअरचा पहिला घोट आणि इतर इवलाली सुखं. शीर्षक बघून काकूंनी नाक मुरडलं. आत दीड-दोन पानांचे ललित तुकडे: रविवारी सकाळी केकवाल्याकडून आणलेला पुडा, सायकलच्या डायनॅमोचा आवाज, सफरचंदांचा वास. मी त्यांना थेट मटारचं पान काढून दिलं. सकाळची रिकामी वेळ, स्वयंपाकघरात कुणीतरी शेंगा सोलत बसलंय, आपण सहज समोर बसतो आणि सोलू लागतो. अंगठ्याने शेंगेच्या फटीवर दाबलं की ती उघडते. बोलणं चालू राहतं, विषय साधेच, कारण हातांना काम असलं की डोळ्यांना डोळे भिडवावे लागत नाहीत. शेवटी भांड्यात हात घालून फिरवायचा; दाणे हिरव्या पाण्यासारखे लागतात आणि हात ओले कसे झाले नाहीत याचं नवल वाटतं. काकूंनी ते वाचून डिक्शनरी बाजूला ठेवली आणि आपल्या सासूबाई मटार सोलताना कुणाकुणाची उणीदुणी काढायच्या ते सांगत बसल्या, निम्मं फ्रेंचमधून. त्या दिवशीचा पाठ तिथेच संपला.

तरी दलेर्म सरसकट कुणाला देऊ नये. वर्तमानकाळ आहे, क्रियापदं जवळजवळ सगळी एकवचनी, व्याकरणाचा त्रास शून्य. पण नामं दाट आणि नेमकी, काही वाक्यांत क्रियापदच नाही. वाचणाऱ्याने ती वस्तू हाताळलेली असेल तर वाक्य उघडतं, नसेल तर नुसते शब्द शोधणं होतं. मटार, सायकल, सकाळचं वर्तमानपत्र जमलं. पोर्ट वाइनचं पान आणि तसली आणखी काही पानं काकूंनी सोडली. दानिएल पेनाकने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यात दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. बँकेत आयुष्य काढलेल्या, हिशेब पूर्ण केल्याशिवाय न उठणाऱ्या बाईंना हे पटवणं हे या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम होतं, पासे सँप्लपेक्षाही.

पासे सँप्लची भीती एका बैठकीत बऱ्यापैकी जाते, जर फक्त ओळखायला शिकायचं ठरवलं तर. लिहायचा नाही, बोलायचा नाही, परीक्षेत रूपं चालवायची नाहीत. गोष्टीत मुख्यतः तृतीयपुरुष लागतो. बहुतेक क्रियापदं सरळ असतात: बोलला म्हणजे पार्ला, बोलले म्हणजे पार्लेर. 'पार्ला' ऐकून काकू हसल्या, माहेर विलेपार्ल्याचं. बाकी 'फ्यू', 'फी', 'वी', 'वँ', 'प्री', 'मी' अशी आखूड रूपं आहेत: होता, केलं, पाहिलं, आला, घेतलं, ठेवलं. ही दहा-बारा एका कागदावर लिहून पुस्तकात खूण म्हणून घालायची. गोष्ट सांगताना तीच तीच क्रियापदं फिरून येतात, त्यामुळे थोड्याच दिवसांत कागद लागत नाही. हा कागद हातात नाही म्हणून शिकणारे लोक वर्षानुवर्षं काम्यूच्या पलीकडे जात नाहीत, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

कागदाचा पहिला उपयोग झाँ जिओनोच्या झाडं लावणाऱ्या माणसाच्या गोष्टीला. १९५३ मध्ये लिहिलेली, एका संध्याकाळी वाचून होईल एवढी. १९१३ साली प्रोव्हाँसच्या उजाड डोंगरांत पाणी शोधत फिरणाऱ्या निवेदकाला एक मेंढपाळ भेटतो. जेवण झाल्यावर तो टेबलावर ओकच्या बिया ओततो, एकेक पारखतो, चिरलेल्या, बारक्या बाजूला काढतो, अखंड शंभर मोजून झाल्या की झोपायला जातो. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळईने भोक पाडून एकेक बी लावतो. तीन वर्षांत त्याने एक लाख लावल्या, वीस हजार उगवल्या, त्यातली निम्मी जातील असा त्याचा अंदाज, राहतील दहा हजार. इथे काकू थांबल्या. "नव्वद टक्के बुडीत धरून चालणारा माणूस! आमच्याकडे कर्ज मंजूर झालं नसतं."

ही गोष्ट वाचताना त्यांनी पेन्सिल जवळजवळ हातात घेतली नाही. वाक्यं सरळ आहेत, शब्द माती, पाणी, झाड, वारा यांच्या भोवतीचे, आणि एकदा आले की परत परत येतात. मधे दोन महायुद्धं होऊन जातात आणि म्हातारा लावतच राहतो. विनोदही आहे, अगदी कोरड्या चेहऱ्याचा: १९३३ मध्ये वनरक्षक येऊन त्यालाच ताकीद देतो की या 'नैसर्गिक' जंगलात उघड्यावर आग पेटवू नका, आपोआप उगवलेलं जंगल मी पहिल्यांदाच बघतोय, असंही वर सांगतो. शेवटी ओसाड गावात पाणी वाहतं, लोक राहायला येतात. म्हातारा १९४७ साली बानोंच्या वृद्धाश्रमात वारतो, पण त्या मरणाने काकूंची झोप उडाली नाही. मरण वयाने येतं आणि काम पूर्ण झाल्यावर येतं; त्यांची तक्रार मुळात मरणाबद्दल नव्हती, उगाच मारण्याबद्दल होती, हे मला इथे समजलं.

त्यांनी नकाशावर बानों शोधलं, मग त्या मेंढपाळाची माहिती शोधू लागल्या आणि हिरमुसल्या. असा माणूस झालाच नव्हता. 'रीडर्स डायजेस्ट'ने जिओनोकडे तुम्हाला भेटलेल्या अविस्मरणीय माणसाबद्दल लेख मागितला होता. नंतर माणूस कल्पित आहे हे कळल्यावर त्यांनी तो नाकारला. जिओनोने १९५७ मध्ये एका वनाधिकाऱ्याला पत्रात स्वच्छ लिहून टाकलं की पात्र काल्पनिक आहे, लोकांना झाडं आवडावीत एवढाच हेतू. काकूंचं म्हणणं, हे आधी सांगायला हवं होतं. माझं म्हणणं, आधी सांगितलं असतं तर त्यांनी बानों शोधलं नसतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

पुढचा तुकडा सरावासाठी होता: ज्यूल व्हेर्नच्या ऐंशी दिवसांतल्या पृथ्वीप्रदक्षिणेतलं मुंबईचं दहावं प्रकरण. १८७२ ची कादंबरी, हक्कमुक्त, त्यामुळे मजकूर फुकट मिळतो आणि स्वयंसेवकांनी वाचलेलं ध्वनिमुद्रणही. नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजारी त्याला आडवा पाडतात, तो अनवाणी, टोपी हरवून स्टेशन गाठतो. व्हेर्नचा हिंदुस्थान पुस्तकं वाचून रचलेला आहे आणि साहेबी चष्म्यातून दिसतो, ते डोळ्यांआड करायचं कारण नाही. पण पार्श्वभूमी माहितीची असली की अनोळखी शब्दांपैकी निम्मे अंदाजाने सुटतात. मुंबईकराला गिरगाव-मलबार हिल कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग मार्सेल पान्योल, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. 'ला ग्ल्वार द मों पेर', म्हणजे माझ्या वडिलांचा गौरव, १९५७. ओबान्यला जन्मलेल्या पान्योलने साठी ओलांडल्यावर लिहिलेल्या बालपणीच्या आठवणी. वडील शाळामास्तर, धर्म न मानणारे, आणि झ्यूल मावसोबा कट्टर भाविक व अनुभवी शिकारी. सुटीत डोंगरातल्या घरी दोघं एकत्र. वडिलांना बंदूक धरता येत नाही हे मुलाच्या लक्षात येतं आणि त्यांची फजिती होईल या भीतीने तो कासावीस होतो. शेवटी वडिलांच्या गोळीने 'बार्ताव्हेल' जातीचे दोन दुर्मीळ तितर पडतात, आणि मुलगा खडकावर चढून दोन्ही हातांत पक्षी उंच धरून ओरडतो. पण खरी मजा पुढे आहे. एका सहकाऱ्याने पकडलेल्या माशासोबत फोटो काढला म्हणून याच वडिलांनी त्याची टर उडवली होती. आता ते स्वतः पक्षी कमरेला लावून फोटोला उभे, आणि फोटो काढतोय गावचा पाद्री. एरवी पाद्र्यांना फटकून असणारे हे मास्तर फोटोची एक प्रत स्वतःच्या वडिलांना पाठवायचं ठरवतात, मार्सेल किती वाढलाय ते दिसावं म्हणून.

हे पुस्तक बी वनच्या मानाने अवघड. प्रोव्हाँसच्या वनस्पती आणि पक्षी यांची नावं डिक्शनरीतूनही डोळ्यांपुढे येत नाहीत. काकूंनी ती सगळी 'झुडूप' आणि 'पक्षी' समजून ओलांडली, हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच ठरवलं. पेनाकचा दुसरा हक्क एकदाचा पचला म्हणायचा.

दुसऱ्या भागाला, म्हणजे आईच्या वाड्याच्या पुस्तकाला, मी हात लावण्याआधीच बजावलं: शेवटची मोजकी पानं काही वर्षं पुढे उडी मारतात, आणि तिथे आई, भाऊ, डोंगरातला मित्र यांच्याबद्दल जे लिहिलंय ते मनाला चटका लावतं. पुस्तकाचा उरलेला सगळा भाग उन्हात न्हालेला आहे. काकूंनी कालव्याच्या काठच्या वाड्यांमधून चोरून जाण्याचा प्रसंग, पहारेकऱ्याचा कुत्रा, आईची घाबरगुंडी, वडिलांचा जुना विद्यार्थी बुझिग याने केलेली सुटका, इथवर वाचलं आणि पुस्तक बंद केलं. "'श्यामची आई' एकदा वाचलंय, पुरे." साहित्याच्या प्राध्यापकांना हे रुचणार नाही. मला चालतं. ती पानं कुठे पळून जात नाहीत.

सुटलं नाही ते एक: आजच्या पॅरिसच्या बोलीतला विनोद अजूनही काकूंना बंदच आहे, आणि पुस्तकं वाचून तो उघडेल असं मला वाटत नाही, त्यासाठी नातीच्या मैत्रिणींमध्ये जाऊन बसावं लागेल.

दरम्यान त्यांनी एक वही घातली आहे, रकाने आखून. पुस्तक, काळ, पानं, आणि चौथा रकाना 'शेवटी कोण जातं'. निकोलापुढे 'कुणी नाही'. जिओनोपुढे 'म्हातारा, वेळेवर'. पान्योल भाग दोन, 'विचारू नये'. दलेर्मपुढे 'मटार'. वहीच्या झेरॉक्स आता त्यांच्या जुन्या क्लासच्या मैत्रिणींत फिरतात. गाव्हाल्दाच्या ओळीत चौथा रकाना कोरा आहे. त्या मला अधूनमधून विचारतात, आणि मी सांगत नाही.